शाळेआधीचा उन्हाळा

दोघांच्या जन्मात अकरा मिनिटांचे अंतर. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर थोरलीने धाकट्याचे सारे व्यवहार आपल्या हाती घेतले होते. त्याला तहान लागली की पाणी ती मागे. त्याचे पोट भरले की 'पुरे' असे ती सांगे. पाहुण्यांनी त्याला नाव विचारले तर तो बहिणीकडे पाही आणि उत्तर तिच्या तोंडून येई. पाहणाऱ्यांना त्याचे कोण कौतुक! सांगलीतल्या त्या घरात मात्र मार्च महिन्यात बालवाडीचा प्रवेशअर्ज आला आणि कौतुकाची जागा काळजीने घेतली. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती : जुळी भावंडे असल्यास त्यांना शक्यतो वेगवेगळ्या तुकड्यांत बसवण्यात येईल; पालकांचे मत वेगळे असल्यास मे महिनाअखेर लेखी कळवावे.

आईने ती ओळ दोनदा वाचली. जूनमध्ये तिलाही बँकेत पुन्हा रुजू व्हायचे होते. मुलांचे वडील नोकरीनिमित्त पुण्यास. शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे. घरात राहणार आजी आणि आजोबा. मुले आजीला आक्का म्हणत, आजोबांना आण्णा. मग सगळे घरच तसे म्हणू लागले होते.

"आक्का, हा तिथं पाणीसुद्धा मागायचा नाही," आई म्हणाली. "तिला दुसऱ्या वर्गात बसवलं तर दिवसभर तहानलेला बसून राहील."

आक्कांनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी स्वतः सव्वीस वर्षे गावातल्या बालवाडीत काढली होती. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी ते काम वाढवले, हा इतिहास त्यांना प्रशिक्षणात शिकवला गेला होता. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा ताराबाईंचा विचार त्यांनी सव्वीस वर्षे वागवला. पण इतरांची शेकडो मुले सांभाळलेल्या बाईला घरच्या नातवाचा गप्पपणा अवघड गेला, हेही खरेच. धाकट्याचे कान डॉक्टरांनी तपासले होते. ऐकू उत्तम येत होते. सांगितलेले सारे त्याला समजत होते. बोलण्याची गरजच पडत नव्हती, एवढेच.

जुळ्यांच्या बाबतीत हे नवलाचे नाही. ती बहुधा दिवस पुरे भरण्याआधीच जन्माला येतात, आणि एकेकट्या जन्मलेल्या मुलांपेक्षा सरासरीने थोडी उशिरा बोलू लागतात. घरातल्या मोठ्यांचे बोलणे दोघांत वाटले जाते. एका मुलाला समोर बसवून निवांत बोलावे, एवढी सवड जुळ्यांच्या आईला कुठून मिळणार? एकाचे दुपटे बदलेतो दुसरे रडत असते. शिवाय मुलांना एकमेकांची सोबत अष्टौप्रहर असते, आणि त्या सोबतीत त्यांचे त्यांचे शब्द तयार होतात. या दोघांचेही होते. कावळ्याला ती 'टिकी' म्हणत. आण्णांच्या चष्म्याला 'बाबू' का म्हणत, हे कुणाला कधी कळले नाही. 'हुडू' हा शब्द रात्री दिवा मालवल्यावर ऐकू येई. त्याचा अर्थ पांघरूण, असे घराने ठरवून टाकले होते. 'हुडू' ऐकू आले की कुणीतरी उठून दोघांच्या अंगावरची चादर सारखी करी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आक्कांनी बेत मांडला. रोज सकाळी दोन तास मुलांना वेगळे ठेवायचे. एक दिवस थोरली आण्णांबरोबर बाहेर, धाकटा घरी. दुसऱ्या दिवशी उलट. आणि धाकट्याला काही विचारले की मनात वीसपर्यंत आकडे मोजल्याशिवाय कुणी पुढे बोलायचे नाही. आईला दोन्ही गोष्टी पटल्या, पण दुसरी जमेना. वीस आकडे म्हणजे फार मोठा काळ असतो. ज्याला शंका असेल त्याने तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत बघत ते मोजून पाहावेत.

पहिल्या दिवशी थोरली आण्णांचे बोट धरून गेली. आण्णांचा हळदीचा जुना व्यापार. आता व्यवहार पुतण्याकडे असला तरी सौद्यांच्या वेळी बाजारात एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. धाकटा दारात आला, बहिणीची घरातली चपला तिथे होती ती त्याने उचलली आणि मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसला. तो रडला नाही. रडला असता तर बरे झाले असते, असे आईला वाटले. तासाभराने त्याने एकच शब्द उच्चारला : 'हुडू.' बाहेर ऊन मी म्हणत होते. आईने चादर आणून दाखवली. त्याने ती बाजूला सारली.

दुपारी आण्णा परतले ते हसत.

"अगं, पोरीला बाजारात थंडी वाजत होती की काय! हळकुंडांच्या ढिगाजवळ उभी राहून सारखी हुडू, हुडू. एप्रिलात पांघरूण कुठून आणू मी?"

आक्का हातातले काम थांबवून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते पांघरूण नव्हे. 'दुसरा कुठं आहे', असं विचारतात ती."

दीड वर्ष रोज रात्री घरातली चार मोठी माणसे अंधारात उठून चादरी सारख्या करीत होती, आणि दोन मुले एकमेकांना आपापली जागा विचारीत होती. त्या रात्री दिवा मालवल्यावर कुणी उठले नाही. एका बाजूने 'हुडू' आले, दुसऱ्या बाजूने 'हुडू' आले, आणि दोघे झोपली.

थोरलीने त्या दिवशी बाजारातून अर्धे बिस्कीट मुठीत आणले होते. मूठ उघडली तेव्हा त्याचा भुगा झाला होता. धाकट्याने तो तिच्या तळहातावरूनच खाल्ला.

उन्हाळा तापत गेला. गच्चीवर वाळवणे पडली. कुरडया, सांडगे, शेवया, आणि चातुर्मासासाठी लागणाऱ्या जिनसा. राखणीचे काम जुळ्यांकडे होते. म्हणजे थोरली चिमण्यांना हाकली आणि धाकटा ओल्या कुरडया खाई. दिवस मावळण्याआधी जेवणे उरकणारे घर; त्यामुळे संध्याकाळ लांब मिळे. कृष्णेकडून थोडा वारा सुटला की सगळी गच्चीवर बसत. आयर्विन पुलावरून घाटापर्यंत एक फेरी होई, कधी आमराईत. पण सगळ्यांच्या लक्षात राहिला तो हरिपूरचा दिवस.

त्या दिवशी पाळी धाकट्याची होती. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपुरात पूर्वी हळद साठवण्याची पेवे होती. जमिनीत खोल खणलेले कोठार, तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड बंद केले की हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात बरीच पेवे निकामी झाली आणि पुढे व्यापारी शीतगृहांकडे वळले. आण्णांनी नातवाला ती जागा दाखवली. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, आतली हवा पालटेपर्यंत थांबावे लागे, असे काहीबाही ते सांगत राहिले. तीन वर्षांच्या मुलाला त्यातले काय कळणार! आण्णांना वीस मोजायचे ध्यानात नव्हते. ते फक्त दमून दगडावर टेकले होते आणि गप्प झाले होते. तेवढ्यात धाकट्याने जमिनीकडे बोट दाखवले आणि विचारले, "आत कोण?"

आण्णांनी घरी येऊन हे दहा वेळा तरी सांगितले. आक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे एप्रिलचे पान काढून ठेवले होते. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूस त्या धाकट्याने स्वतःहून उच्चारलेले शब्द लिहीत. 'पाणी' होते, 'नको' होते, 'उन्ह' होते. त्यांखाली त्यांनी 'आत कोण?' लिहिले. पहिलेच दोन शब्दांचे वाक्य, आणि तेही प्रश्न! मेअखेर त्या पानावर एक्केचाळीस नोंदी झाल्या.

मात्र याच दिवसांत दुसरे काही घडत होते आणि ते कुणी लिहून ठेवीत नव्हते. धाकटा बाहेर गेला की थोरली घरात काय करी? काही नाही. खेळणी पुढे ठेवली तरी ती खेळत नसे. 'तुला काय हवं?' असे विचारले तर म्हणे, "त्याला दूध हवं." आवडता रंग विचारला तर त्याचा सांगे. बोलक्या मुलीची काळजी कुणी करीत नाही. मेच्या मध्यावर एका दुपारी वळिवाने झोडपले, गारा पडल्या. धाकटा आण्णांबरोबर बाहेर अडकला होता, पण भाच्याच्या दुकानात सुखरूप होता. गारा वेचून पेल्यात घालीत होता. इकडे थोरली दाराच्या आड उभी राहून थरथरत होती. आईने जवळ घेतले तेव्हा ती म्हणाली, "तो भ्याला." आई म्हणाली, "तो नाही गं भ्याला. तू भ्यालीस का?" थोरलीने आईकडे असे पाहिले, की हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

आईने त्यावेळी आकडे मोजले. वीस नव्हे, कितीतरी. मग मुलगी रडू लागली आणि बराच वेळ रडत राहिली.

पत्र लिहिण्याच्या दिवशी घरात एकमत नव्हते. वडील फोनवर म्हणाले, शाळेचा अनुभव मोठा, त्यांचे ऐकावे. आक्कांचेही मत वेगळ्या तुकड्यांकडे झुकत होते. धाकटा आता बोलेल, असे त्यांना वाटत होते. जुळ्यांना एकत्र ठेवावे की वेगळे, याचा सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. मूल बघून ठरवावे लागते, आणि इथे तर दोन मुले होती व दोघांचे उत्तर सारखे नव्हते. आई म्हणाली, "त्याच्यासाठी नाही मागत मी. तिच्यासाठी मागते." तिने लिहिले, की या एका वर्षापुरते दोघांना एकाच वर्गात ठेवावे, परंतु बसवताना निरनिराळ्या गटांत बसवावे, आणि मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलीकडून घेऊ नये. शेवटचे वाक्य तिने खोडले व पुन्हा लिहिले. आक्कांनी ते वाचून चष्मा काढला आणि एवढेच म्हणाल्या, "बाईंना वीस मोजायला सांगितलंस तरी चालेल."

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. भुरभुर पाऊस होता. धाकटा वर्गात शिरला तो मागे न बघता. मातीच्या गोळ्यांची परात त्याला दारातूनच दिसली होती. थोरली दाराशी थांबली. आईचा हात सोडायला तिला बराच वेळ लागला.

दुपारी दोघे घरी आल्यावर आक्कांनी धाकट्याला विचारले, "काय केलंस रे शाळेत?" थोरलीने तोंड उघडले, आक्कांनी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"माती," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "हत्ती केला. मोडला."

"आणि तू गं?"

थोरलीने भावाकडे पाहिले. तो चपला काढण्यात गुंतला होता.

"मला रडू आलं," ती म्हणाली. "मग मी झोपाळ्यावर बसले."

आक्कांनी कॅलेंडरचे मे महिन्याचे पान काढले, मागच्या बाजूस मधोमध एक उभी रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंना लिहायला घेतले.