वाजणारी रेकॉर्ड आण

पौड, ता. मुळशी, जि. पुणे
आषाढ, रविवार

लाडक्या भाचीस,


पत्रास कारण, तुझा प्रश्न. दिवाळीला येताना मामासाठी कुठली रेकॉर्ड आणू, असं तू विचारलंस. त्यापाठोपाठ ताईचाही प्रश्न कळवलास : हल्ली सगळं फोनवर ऐकायला मिळतं, मग जुन्या, वापरलेल्या तबकड्यांवर पैसे कशाला घालायचे? दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते बोलता बोलता सांगून होण्यासारखं नाही. आज कारखान्याला सुट्टी आहे आणि ताम्हिणीच्या बाजूने पाऊस नुसता कोसळतोय. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

तू जर्मनीतल्या बोखुमला शिकायला निघालीस तेव्हा घरातल्या सगळ्यांनी नकाशावर तुझं विद्यापीठ शोधलं. मी एसेन आणि गेल्झेनकिर्शेन शोधलं. दोन्ही तुझ्या अगदी शेजारी. एसेनच्या उत्तरेला आल्टेनएसेन म्हणून भाग आहे, मूळचा खाणकामगारांच्या वस्तीचा. तिथल्या शाळकरी पोरांनी क्रिएटर हा थ्रॅश, म्हणजे वेगवान, आक्रमक हेवी मेटल वाजवणारा बँड उभा केला. १९८५ साली त्यांचा ‘एंडलेस पेन’ आला आणि १९८६ साली ‘प्लेझर टू किल’. गिटार वाजवत गाणारा मिले पेट्रोत्सा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्याच १९८६ च्या डिसेंबरात एसेनमधली त्सोलफेराइन ही अवाढव्य कोळसा खाण बंद झाली. आता ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, जमलं तर पाहून ये. गेल्झेनकिर्शेनच्या सोडम बँडचा टॉम एंजलरिपर तर स्वतःच खाणीत कामाला होता. गाण्याच्या जोरावर तो त्या अंधारातून वर आला. तुमच्या रूर खोऱ्यातली शेवटची दगडी कोळशाची खाण बोट्रॉपला होती, ती २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. त्या खाणींच्या सावलीत वाढलेल्या पोरांनी कोरून ठेवलेला आवाज मात्र अजून शाबूत आहे.

मुळशीतल्या माणसाला हे जवळचं का वाटतं, तेही सांगतो. दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी आपलं खोरं देणं म्हणजे काय, हे या तालुक्याला पक्कं ठाऊक आहे. १९२१ साली सेनापती बापट सत्याग्रहाला उभे राहिले, तरी टाटांचं धरण झालंच. शेतं पाण्याखाली गेली, पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे वळलं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे इथली माणसंही त्याच गिरण्यांत कामाला गेली, तुझे आजोबा त्यांतलेच. १९८२ च्या गिरणी संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. रूरच्या खाणी, बर्मिंगहॅमचे कारखाने, आपलं गिरणगाव, सगळीकडे त्या दशकात भोंगे बंद पडत होते. ऐंशीच्या दशकातल्या या संगीतातला संताप मला कधी परका वाटला नाही, तो यामुळे.

हेवी मेटलचा जन्मच मुळी एका प्रेसवर झाला. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस. रोजचा माणूस आला नाही म्हणून याला प्रेसवर बसवलं आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने गिटारचा नाद सोडल्यात जमा होता. तेवढ्यात कारखान्यातला फोरमन एक तबकडी घेऊन त्याला भेटायला आला. ती गिटारवादक जँगो राइनहार्टची होती. आगीत भाजल्यामुळे त्याच्या एका हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती, आणि तरी तो वाजवत होता. ते ऐकून आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चढवलं, हलक्या तारा लावल्या. तो जड आवाज १९७० साली त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडच्या पहिल्या तबकडीतून जगाला ऐकू आला, आणि पुढे तारा सैल करून त्याने सूर आणखी खाली आणला.

मी पिरंगुटला टूलरूममध्ये डाय बनवतो, तेव्हा ही गोष्ट मला ऐकीव वाटत नाही. आमच्या पट्ट्यात बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मी जिथे पहिल्यांदा नोकरीला लागलो तिथे शेजारच्या पॉवर प्रेसवरच्या हेल्परची दोन बोटं गेली. स्ट्रोक मारायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची सोय होती, पण उत्पादन वाढावं म्हणून त्यातलं एक दोरीने कायमचं दाबून बांधलेलं होतं. तो पोरगा भजनात पेटी वाजवायचा. त्याच्यासाठी कुणी तबकडी घेऊन गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. रेकॉर्ड गोळा करणं हा संगीत होऊन गेल्यावरचा छंद आहे, असं तिला वाटतं. थ्रॅशच्या बाबतीत क्रम उलटा आहे. लार्स उलरिक हा डेन्मार्कच्या टेनिसपटूचा मुलगा, कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. इंग्लंडमधल्या लहानसहान कंपन्यांच्या हेवी मेटल रेकॉर्ड मिळवायचं त्याला वेड होतं. १९८१ साली तो डायमंड हेड या बँडला ऐकायला थेट इंग्लंडला गेला. परत येऊन त्याने ज्या बँडची जुळवाजुळव केली, तो मेटालिका. रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या ब्रायन स्लेगलने १९८२ साली ‘मेटल मॅसकर’ हे संकलन काढलं, त्यात मेटालिकाचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर आलं. न्यू जर्सीत जॉन आणि मार्शा झझुला हे नवरा-बायको आपल्या जुन्या बाजारासारख्या बाजारात परदेशी रेकॉर्ड विकायचे. मेटालिकाची कॅसेट त्यांच्या हाती पडली आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढून १९८३ साली ‘किल एम ऑल’ बाहेर आणला. हे सगळे आधी संग्राहक, पदरमोड करून तबकड्या मिळवणारे आणि चार जणांना ऐकवणारे. त्यांनी आपापल्या रेकॉर्ड कपाटात बंद करून ठेवल्या असत्या, तर या संगीताला वेगळीच वाट धरावी लागली असती.

आपल्याकडे त्या काळी हे सगळं आलं ते मुख्यतः कॅसेटवर, कॅसेटच्या कॅसेटवर. तबकडी आली ती बहुधा बोटीवर नोकरी करणाऱ्याच्या किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्याच्या बॅगेतून. माझी मेटालिकाची ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली, शिलाई मशीनचे सुटे भाग आणि पितळी नळांच्या शेजारी. कव्हरवर पांढऱ्या क्रुसांचं मैदान आहे. खालचा कोपरा पाण्याने फुगलेला आणि मागे निळ्या बॉलपेनने लिहिलंय, ‘रॉटरडॅम, १९८७’. कुणा खलाशाने घेतली असणार. पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात एक बारीक टिकटिक आहे, ती त्याच्या घरात पडली की माझ्या, कोण जाणे. हाच बँडचा बेसवादक क्लिफ बर्टनबरोबरचा शेवटचा अल्बम. रेकॉर्ड आली मार्च १९८६ मध्ये आणि सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला. ती तबकडी लावली की त्याचा बेस खोलीच्या फरशीतून पायांना कळतो.

त्याच १९८६ सालापासून मुंबईत इंडिपेंडन्स रॉक भरायला लागला. धोबी तलावाचं रंगभवन हे पुढे वर्षानुवर्षं त्याचं घर होतं. १९८४ साली मुंबईत सुरू झालेल्या रॉक मशीनचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ १९८८ साली निघाला. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल. तो थ्रॅश नव्हे, हार्ड रॉक आहे, पण आपल्या पोरांनी स्वतः लिहून, स्वतः वाजवून काढलेली ती तबकडी आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे एलपी काढणं थांबलं, त्यामुळे तिची किंमत माझ्या लेखी फार मोठी आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या जिवापाड जपणारी माणसं आपल्यात होती आणि आहेत. ऐंशीच्या दशकातल्या या आवाजालाही तशी माणसं मिळायला हवीत.

आता कामाचं. तबकडी कशी पारखायची?

रेकॉर्ड हा प्रेसवर काढलेला जॉब आहे. लॅकर चढवलेल्या चकतीवर आधी खोबण कोरतात, मग चांदीचा पातळ थर देऊन वर निकेल चढवतात आणि शेवटी निकेलचा स्टॅम्पर हाती येतो. स्टॅम्पर म्हणजे आमचा डायच. वर एक, खाली एक, मध्ये पीव्हीसीचा गरम गोळा, वाफेची उष्णता आणि सुमारे १०० टन दाब. मग गार करून कडा छाटायच्या. डाय झिजला की जॉब बिघडतो, तसंच इथेही, म्हणून सुरुवातीच्या छपाईला मान. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी असते ती उजेडात तिरकी धरून बघ. तिथे कोरलेले आकडे आणि अक्षरं असतात. ते टिपून घे, अस्सल आणि नक्कल त्यावरून कळते. त्या काळच्या बऱ्याच जर्मन तबकड्यांवर ‘डीएमएम’ दिसेल. म्हणजे खोबण लॅकरऐवजी थेट तांब्यावर कोरलेली.

दुकानदाराला लावून दाखवायला सांग आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐक. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत झांजा आणि वेगवान गिटार बसवायची म्हटल्यावर आवाज तिथेच आधी फाटतो. सुईने खाल्लेली रेकॉर्डही तिथेच उघडी पडते. स्लेयर बँडचा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांचा आहे, त्यामुळे खोबणीला ऐसपैस जागा मिळते आणि आवाज दणदणीत येतो. मेटालिकाचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ ६५ मिनिटांचा, त्याला दोन तबकड्या लागल्या.

कव्हर मळकं असेल, कुणाचं नाव लिहिलेलं असेल, तर चालेल. उलट बरंच. वेष्टनही न फोडलेली प्रत दुप्पट पैसे मागत असेल तर हात लावू नकोस. प्रवासात तबकडी कव्हरच्या बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेव, नाहीतर धक्क्यांनी कव्हरची शिवण फाटते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लाव आणि हातातल्या बॅगेतच आण.

इथली काळजी माझ्याकडे. आपल्या पावसात पीव्हीसीला काही होत नाही, पण कागदाला बुरशी धरते आणि तीच खोबणीत उतरते. म्हणून आतली कागदी पाकिटं काढून पॉलिथिनची घातली आहेत. रेकॉर्ड भिंतीपासून लांब, लाकडी फळीवर, उभ्या ठेवतो. एकावर एक रचल्या की वाकतात, आणि चैत्र-वैशाखात पत्र्याखाली तर नक्कीच. बुरशी दिसलीच तर डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि हात खोबणीच्या दिशेने गोल फिरवायचा.

तर क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’ आण. तो नाही मिळाला तर सोडमचा ‘एजंट ऑरेंज’, १९८९ चा. घरमालक आजोबा खाणीत होते असं तू लिहिलं होतंस. त्यांना विचार, त्या पोरांचा आवाज वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तेव्हा कसा वाटायचा. त्यांचं उत्तर मला जसंच्या तसं लिहून पाठव.

सुट्टीच्या दिवशी आमच्या टूलरूममधली पोरं इथे ऐकायला येतात. एकाने गिटार घेतली आहे, दुसऱ्याला ड्रम शिकायचाय. तू आणलेली तबकडी त्यांच्यासमोर लावू आणि ऐकून झाल्यावर ती त्यांच्याकडे आठवडाभर राहील. ताईला सांग, पैसे यासाठी घालायचे.

आणि परत जाताना तू रिकाम्या हाताने जायचं नाहीस. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’च्या माझ्याकडे दोन प्रती आहेत, त्यातली चांगली वाजणारी तुझी. एसेन-बोखुमच्या ज्या पोरांना या संगीताची ओढ आहे त्यांना ऐकव, मागतील त्यांना दे. त्या दशकात मुंबईतही पोरं अशीच जीव तोडून वाजवत होती, हे तिकडे कळलं पाहिजे.

तब्येतीला जप. दाजींना नमस्कार कळव.

तुझा,
मामा