जामीनदाराला पत्र

सांगली,
३० जानेवारी २०१०

चि. सौ. बाईसाहेब,



‘बाईसाहेब’ वाचून नाक मुरडू नकोस. तुझी मेल वाचल्यापासून दुसऱ्या कुठल्या नावानं तुला हाक मारावीशी वाटत नाही. मी साधं विचारलं होतं, तुझ्या ओबामांचं कसं काय चाललंय? तर चार ओळींत मला गप्प केलंस. आठ वर्षांची घाण एका वर्षात निघत नाही. आपल्याच माणसांनी टीका केली की विरोधकांचं फावतं. आणि राजकारणात बोलणं एक नि करणं एक, हे तुला नव्यानं सांगायला हवं का, मावशी? वर जाता जाता हेही लिहिलंस, की येत्या नोव्हेंबरात तू प्रचाराला जाणार नाहीस, त्यातून मन उडालंय. मेलवर मला नीट भांडता येत नाही, म्हणून कागद घेतलाय.

राग कशाचा आला सांगू? बचाव करायचा आणि अंगही काढून घ्यायचं, दोन्ही एका दमात. एक काय ते ठरव ना!

अगं, निवडणुकीच्या त्या ऑक्टोबरात कोलंबसच्या गल्ल्या पालथ्या घातल्यास तू. ग्रीन कार्डवाली, स्वतःला मत नाही, आणि दुसऱ्यांची मतं मागत दारोदार. ताईला एकच घोर, पोर थंडीत आजारी पडेल. मी मात्र तुझा तो बिल्ला लावलेला फोटो बँकेतल्या जुन्या मंडळींना दाखवत हिंडले. ओहायो ओबामांकडे गेलं तेव्हा इथं पेढे कुणी वाटले? तुझ्या बाबांनी नाही. मी.

म्हणून हे ऐकायचा कंटाळा करू नकोस. लोकांच्या दारात उभं राहून ‘या माणसावर विश्वास ठेवा’ म्हणणारा माणूस हा जामीनदार असतो. माझी सगळी नोकरी वसुलीत गेली, मला दुसरी भाषा येत नाही. कर्जदार थकला की आम्ही जामीनदाराच्या दारात जायचो. तिथं बहुतेक दोनच तऱ्हा. एक म्हणायचा, ‘मॅडम, त्याची परिस्थितीच तशी आहे हो, पाऊस नाही, घरात आजारपण.’ दुसरा हात वर करायचा, ‘मी फक्त सही केली, पुढचं मला काय ठाऊक!’ क्वचित कुणीतरी तिसरा भेटायचा. तो चपला घालून थेट कर्जदाराच्या घरी जायचा नि सांगायचा, बाबा रे, माझी अब्रू अडकलीय, हप्ता भर. खरी वसुली याच्यामुळे व्हायची. कलम एकशे एकच्या वसुली-दाखल्यानं आणि जप्तीच्या नोटिशीनं कागद हलतात, पैसे फारसे हलत नाहीत. (तुझ्या बाबांना हे कधीच पटलं नाही. कायदा कडक हवा, हे त्यांचं पालुपद. त्यांना सांग, माझं मत अजून तेच आहे.) तू पहिल्या दोन्ही तऱ्हा एकाच मेलमध्ये केल्यास.

घाण एका वर्षात निघत नाही, कबूल. ओबामा आले तेव्हा महिन्याला सात लाखांवर नोकऱ्या जात होत्या, बँका कोसळत होत्या, दोन युद्धं चालू होती. काहीच केलं नाही असं मी म्हणतच नाही. कैद्यांच्या छळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंदी घातली. तंबाखूवर कर वाढवून गरिबांच्या मुलांचा आरोग्यविमा वाढवला. पण एका वर्षात होत नाही हे तुला-मला कळतं, तर त्यांना कळत नव्हतं? मग तारखा कुणी घातल्या?

ग्वांतानामोच्या तुरुंगाचंच घे. २२ जानेवारी २००९ ला सही करून सांगितलं, वर्षाच्या आत बंद. ती मुदत गेल्या आठवड्यात टळली आणि दोनशेच्या आसपास माणसं अजून तिथंच आहेत. विरोधकांनी अडवलं म्हणशील. मे महिन्यात सिनेटनं ९० विरुद्ध ६ मतांनी पैसे नाकारले तेव्हा रिपब्लिकन होते चाळीस. उरलेले पन्नास त्यांच्याच बाजूचे. का बरं? कारण पैसे मागितले, पण कैदी नेणार कुठं, याचा आराखडाच सोबत नव्हता. आमच्याकडे असा अर्ज आला असता तर शिपायानंच परत केला असता. बरं, उशीर एक वेळ समजू शकते. पण मुदत संपली त्याच सुमाराला बातमी आली, की पन्नासेक कैद्यांना खटला न चालवता तसंच डांबून ठेवावं, असं त्यांच्याच समितीचं मत आहे. म्हणजे उद्या सगळ्यांना इलिनॉयमधल्या त्या थॉमसनच्या तुरुंगात हलवलं तरी बदललं काय? बेटावरचा अन्याय मुख्य भूमीवर आला, एवढंच. तू कायद्याच्या दोन वर्गांना बसून आलेली मुलगी, यावर तुझ्या मेलमध्ये एक शब्द नाही!

आणि काही शब्द असे होते ज्यांना ना सिनेट लागत होतं, ना पैसा. प्रत्येक कायदा सहीपूर्वी पाच दिवस इंटरनेटवर लोकांसमोर ठेवू, असं म्हणाले होते. पहिलाच कायदा लिली लेडबेटर यांच्या नावाचा, बायकांना समान वेतनासाठी कोर्टात जाता यावं म्हणून. फार चांगला कायदा. प्रतिनिधिगृहात २७ जानेवारीला संमत झाला, २९ ला सही! पाच दिवस थांबायला काय हरकत होती? कुणाचा जीव जात होता? लॉबिस्टांना सरकारात थारा नाही म्हणून २१ जानेवारीला हुकूम काढला, आणि लगोलग रेथिऑन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीसाठी लॉबिंग केलेल्या विल्यम लिन यांना सवलत देऊन संरक्षण खात्यात दोन नंबरला बसवलं. हे मला मोठ्या वचनांपेक्षा जास्त खुपतं. पहिला हप्ता चुकवणाऱ्याचं खातं आम्ही वेगळ्या नजरेनं बघायचो.

आरोग्याचं मी थोडक्यात सांगते, नाहीतर रक्तदाब वाढेल. वाटाघाटी सी-स्पॅन वाहिनीवर सगळ्या देशाला दिसतील, असं हा माणूस सभासभांतून सांगत होता. झाल्या बंद दाराआड. औषध कंपन्यांशी उन्हाळ्यातच तडजोड झाली: त्यांनी दहा वर्षांत ८० अब्ज डॉलर सोडायचे, सरकारनं त्यापुढे रेटायचं नाही. त्या कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख बिली टॉझिन. प्रचारात ओबामांनी ज्यांच्या नावानं जाहिरात काढून बोटं मोडली, तेच! विमा सक्तीचा नको म्हणून हिलरीबाईंशी भांडले, आता तीच सक्ती त्यांच्या विधेयकात आहे. आणि एवढं करून पदरात अजून काहीच नाही. मॅसॅच्युसेट्समधली केनेडींची सिनेटची जागा या महिन्यात गेली, आता ते विधेयकही अडणार. मला याचंच भय वाटतं. शब्दही गेला आणि कामही गेलं, तर तू ज्यांच्या दारात उभी राहिलीस ती माणसं पुढच्या वेळी दार उघडतील का?

अफगाणिस्तानात मात्र त्यांनी शब्द पाळला. तिथं फौज वाढवीन असं ते प्रचारातच म्हणत होते. तुम्ही कुणी नीट ऐकलं नाहीत. फेब्रुवारीत सतरा हजार, १ डिसेंबरला आणखी तीस हजार, आणि नऊ दिवसांनी ऑस्लोला जाऊन शांततेचं नोबेल. पाळला नसता तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारा तेवढा एकच शब्द त्यांनी चोख पाळावा! इराकमधून लढाऊ फौज सोळा महिन्यांत परत म्हणाले होते, त्याचे एकोणीस केले. तीन महिने काही फार नव्हेत. ती मुदतवाढ मी देते.

‘बोलणं एक, करणं एक’ हे मला तू शिकवू नकोस, मी महाराष्ट्रात राहते. पंच्याण्णव साली एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवू म्हणून इथं मतं मागितली. तू तेव्हा शाळेत होतीस, बाबांचा नि माझा जेवणाच्या पानावर झालेला वाद तुला आठवत असेल. ऑगस्टात प्रकल्प रद्द केला, जानेवारीत त्याच एन्रॉनशी नवा सौदा. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं म्हणाले होते, तीही बघितली. मग दुसऱ्या पक्षाची पाळी: २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांना फुकट वीज, वर्षभरात बंद. दर वेळी आपण काय केलं? हसलो. पारावर, कट्ट्यावर, ‘ते असंच असतंय’ म्हणून तंबाखू मळली आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याकडून तेच ऐकून घेतलं. तुला वाटतं हा समजूतदारपणा आहे. मला विचारशील तर यातूनच पुढारी बिघडतात. लबाडीनं नव्हे हं, वसुलीला कुणी येत नाही म्हणून. माझ्या पाहण्यातले निम्मे थकबाकीदार मुळात चांगले होते. पहिला हप्ता चुकला तेव्हा कुणी विचारायला गेलं नाही, दुसऱ्याला तर नवं-जुनं करून दिलं, आणि तिथून माणूस बदलत गेला.

परवा सकाळी साडेसातला चहा घेऊन तुमच्या काँग्रेससमोरचं ओबामांचं भाषण बघितलं. काय बोलतो गं तो माणूस! माझ्यासारखीलाही दहा मिनिटं सगळं विसरायला लावलं. सरकारी खर्चाचा काही भाग तीन वर्षं गोठवणार म्हणाले. बेकारी दहा टक्क्यांवर असताना? मान्यवर डोकी आहेत त्यांच्याभोवती, मी काय बोलणार! पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी विचार करत होते, की तुमच्याकडची ती एक कोटी तीस लाख ई-मेलची यादी, जिच्यावरून ते तुला अजून ‘फोन करा, देणगी द्या, अमुक सिनेटरला कळवा’ म्हणून लिहितात, त्या यादीतल्या किती जणांनी उलट त्यांनाच लिहिलं असेल? तू तर नाहीच लिहिलंस. नोव्हेंबरात जायचं की नाही ते मग बघू. आधी व्हाइट हाउसला पत्र लिही. मी अमुक इतक्या घरांत तुमच्यासाठी शब्द टाकला, त्यांना आता काय सांगू, एवढंच विचार. विरोधकांच्या हाती कोलीत जाईल म्हणून घाबरू नकोस. त्यांना कोलीत पुरवायला तुझी गरज नाही.

आता ज्या गोष्टीनं मला दोन रात्री झोप नाही, त्याबद्दल. तुझ्या मेलमध्ये ती इतकी खाली, एका ओळीत दडवलेली होती, की आधी माझ्या नजरेतून सुटलीच. जावयांचे कामाचे तास कमी झालेत आणि घराच्या हप्त्यासाठी तुम्ही ‘त्या ओबामांच्या योजनेत’ अर्ज केलाय. हे मला असं कळावं?

ती योजना मी वाचून काढली आहे, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. गेल्या फेब्रुवारीत ॲरिझोनात जाऊन जाहीर केली तेव्हा तीस-चाळीस लाख घरमालकांना आधार मिळेल म्हणाले होते. डिसेंबरअखेर कायमची पुनर्रचना झाली ती सत्तर हजारांच्याही आत. का, ते मी सांगते. हप्ता मिळकतीच्या एकतीस टक्क्यांवर आणायचा, तीन महिने तो भरून दाखवायचा, मग कायमचं करायचं: कागदावर उत्तम. पण हप्ता गोळा करणारी कंपनी एक आणि कर्जाची मालकी दुसऱ्याचीच. गोळा करणारीला कर्ज थकलं तरी तिची फी मिळते. तिला घाई कशाची? ती कागद मागते, हरवते, पुन्हा मागते. आणि तिला धाक दाखवायला जी काठी होती, दिवाळखोरीच्या कोर्टाला मुद्दल कमी करायचा अधिकार देण्याची, ती एप्रिलअखेर सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४५ मतांनी मोडली. त्यांच्याच पक्षाचे डिक डर्बिन उघड बोलून गेले, की या जागेवर बँकांचीच मालकी आहे. प्रचारात हे वचनही दिलं होतं ओबामांनी. सिनेटमध्ये त्यासाठी त्यांनी किती जोर लावला? नावाला. काठी नसताना वसुलीवाल्याशी गोड बोलणं म्हणजे काय, हे मी तीस वर्षं पलीकडच्या बाजूनं बघितलंय.

तेव्हा माझं ऐक. ‘तीन महिने हप्ता थकवलात तरच अर्ज बघू’ असं फोनवर कुणी सांगितलं तर भुलू नकोस, लेखी माग. पैसे भरल्याची प्रत्येक पावती ठेव. कागद पाठवलेस की पोच घे, कुणाशी बोललीस त्याचं नाव आणि वेळ वहीत लिही. तात्पुरता हप्ता चालू असताना उरलेली रक्कम मागे थकबाकी म्हणून चढत नाही ना, ते आधी विचार. पुष्कळांना तीन महिने नियमित भरूनही नकार आलाय, आणि मग सगळी बाकी एकदम मागितली गेलीय. सही करायच्या आधी ते पत्र मला पाठव. माझं इंग्रजी जुनं असलं तरी कर्जाचे कागद मला कळतात.

ताईला यातलं काही बोललेले नाही. तिला तू सांगशील की मी सांगू? संक्रांतीपासून तिचे गुडघे धरलेत, त्यात ही भर नको. पण कळल्यावर आपल्या दोघींनाही ती सोडणार नाही.

इथं मला जे शिल्लक आहे त्यातलं थोडं लगेच पाठवता येईल. ‘नको गं मावशी’ लिहायचं नाही. खात्याचा तपशील कुठला द्यायचा, एवढं कळव. आणि घराचा विमा नि कर त्या हप्त्यातच धरलेत की वेगळे, तेही लिही.

तुझी
मावशी