पळणाऱ्या लेकीचे ताट

आमच्या माकणीत निम्न तेरणा धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली पहाटेच पळणाऱ्यांची गर्दी असते. ही पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. पण दम वाढावा म्हणून सरावाला ती रोज सात-आठ किलोमीटर पळतात. माझी भाचीही त्यांच्यात आहे.

"आत्या, निम्म्यातच पायातला जीव जातो बघ," ती मला म्हणाली. घरात निकाल लागलाच होता, "पोरीला जमायचं नाही." मी परिचारिकेची नोकरी केलेली, मी पाय पाहिले नाहीत, ताट विचारले. रात्री सगळ्यांचे झाल्यावर उरलेली अर्धी-पाऊण भाकरी, पहाटे कोरा चहा, आणि पळून आल्यावर आधी पाणी भरणे, भांडी, मग खाणे!

भगिनींनो, शरीर चुलीसारखेच आहे. भाकरी-भाताची साखर होते आणि ती स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम व यकृतात सुमारे 100 ग्रॅम साठते. तुराट्यांसारखी ती भरभर पेटते आणि लवकर संपते. चरबी म्हणजे गोवऱ्या. सडपातळ माणसाजवळही तिचा साठा मोठा असतो, पण ती सावकाश जळते आणि तिला प्राणवायू जास्त लागतो. हळू चालताना चरबी पुरते. वेग वाढला की शरीर साखर मागते. मेंदूलाही साखरच हवी. ती यकृत पुरवते आणि रात्रभराच्या उपासाने यकृतातला साठा बराच उतरलेला असतो.

मॅरेथॉनचे धावपटू 30 किलोमीटरच्या आसपास एकाएकी गळून जातात, ते साखर संपल्यामुळे. 1924 साली अमेरिकेत बोस्टनच्या शर्यतीनंतर धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा थकून भ्रमिष्टासारख्या झालेल्यांची साखर फार उतरलेली निघाली. पुढच्या वर्षी त्यांना आधी पोटभर जेवण आणि वाटेत गोळ्या-मिठाई दिली. ते ठणठणीत पोहोचले.

आठ किलोमीटरमध्ये साठा एका दिवसात संपत नाही. पण 50 किलो वजनाच्या मुलीचे त्यात सुमारे 400 कॅलरी जातात, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्या. त्या रोज भरून निघाल्या नाहीत तर साठा दिवसेंदिवस रिता होतो. त्यात रक्त कमी असेल तर प्राणवायू पोहोचत नाही आणि असलेले इंधनही नीट जळत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापांचा मुलगा. महार रेजिमेंटमध्ये जवान झाला आणि तिथून धावपटू म्हणून पुढे आला. 2020 साली दिल्लीत त्याने 21 किलोमीटरची अर्ध मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पुरी केली. जिद्द त्याची होतीच. पण लष्कराच्या भोजनालयात कोणाला उरलेसुरले खावे लागत नाही, हेही विसरू नये.

यासाठी महागडी पावडर लागत नाही. रात्री सर्वांबरोबर पोटभर भाकरी-वरण. पहाटे निघण्यापूर्वी एखादे केळ किंवा गुळाचा खडा आणि पाणी. आल्यावर तासाभराच्या आत भाकरी, डाळ किंवा उसळ, जमल्यास अंडे. तासाहून अधिक पळायचे असेल तर सोबत गूळ आणि मीठ-साखरेचे पाणी. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे, लोहाच्या गोळ्या तिथे मिळतात.

भाचीचे ताट आता भावाच्या ताटाबरोबर वाढले जाते. भरतीत काय होईल ते होवो. पण ज्या घरात मुलगी शेवटी जेवते, त्या घराने "पोरीला जमायचं नाही" असे म्हणू नये. आधी तिला वाढावे, मग तिचा वेळ मोजावा.