‘मस्ट’, ‘हॅव टू’ आणि आमचे पत्र

शब्दाचा अर्थ वहीत उतरवून घेतला, तो पाठ केला आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहिला, की तो शब्द आपला झाला, अशी आमच्या वर्गाची पुष्कळ दिवस समजूत होती. ती समजूत कशी दूर झाली, हे या लेखात सांगावयाचे आहे. चूक आमचीच होती, आणि ती झाकून ठेवावी असे आमच्यापैकी काहींचे मत पडले. परंतु उद्या याच बाकांवर बसणाऱ्यांना तिचा उपयोग झाला तर बरेच, म्हणून ती येथे नमूद करीत आहोत.

आठवीत आम्हांस इंग्रजी शिकविणारे सर त्या वर्षअखेर सेवानिवृत्त झाले आणि खानापुरास आपल्या घरी राहावयास गेले. बेळगावपासून खानापूर सुमारे २५ किलोमीटर. अंतर मोठे नव्हे. परंतु सरांचे गुडघे फार दुखत, आणि थंडीत तर ते दुखणे विशेष बळावे.

शाळा सोडण्यापूर्वी सरांनी जे शेवटचे धडे घेतले, त्यांत एक धडा ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ यांचा होता. आम्ही नेहमीप्रमाणे वहीत दोन रकाने आखले. ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे. ‘हॅव टू’ म्हणजे लागते. ‘नॉट’ म्हणजे नाही. सर मात्र फळ्यावर वाक्ये लिहीत होते. “शब्दाला एकटा पकडू नका. तो वाक्यात काय करतो ते पाहा,” असे त्यांनी दोनदा बजावले. आम्ही रकाने पूर्ण केले आणि वह्या मिटल्या.

पुढील वर्षी, म्हणजे आम्ही नववीत असताना, डिसेंबरात स्नेहसंमेलन ठरले. सरांना निमंत्रण द्यावयाचे होते. त्यांना यावेसे वाटेलच, पण कडाक्याच्या थंडीत केवळ आमच्या भिडेखातर त्यांनी प्रवासाचा त्रास सोसू नये, असेही आम्हांस मनापासून वाटत होते. सरांना आनंद व्हावा म्हणून पत्र इंग्रजीतच लिहावे असे ठरले, आणि ते कोणासही न दाखविता आम्ही टपालात टाकले. त्यात एक वाक्य असे होते : ‘इट इज व्हेरी कोल्ड, सर, यू मस्ट नॉट कम.’

आमच्या हिशेबी अर्थ सरळ होता. ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे, ‘नॉट’ म्हणजे नाही. तेव्हा ‘आलेच पाहिजे असे नाही’. संमेलनाच्या दिवशी पहिल्या रांगेतील त्यांची खुर्ची अखेरपर्यंत रिकामी राहिली. गुडघ्यांनी दगा दिला असावा, अशी आम्ही आपल्या मनाची समजूत घातली.

जानेवारीत आमच्यापैकी पाच जण सरांना भेटावयास खानापुरास गेलो. सरांनी अगत्याने विचारपूस केली, अभ्यास कसा चालला आहे ते विचारले. संमेलनाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. काकूंनी चहा आणला आणि त्यांना राहवले नाही. “मुलांनो, यांना येऊ नका असं का रे कळवलंत? यांनी आठ दिवस आधी कोट काढून इस्त्री करून ठेवला होता.”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. सरांनी उठून कपाटातील पुस्तकातून आमचे पत्र काढले आणि त्या वाक्याखाली बोट ठेवले. तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘आलेच पाहिजे असे नाही’ नव्हे. ‘येता कामा नये’! आम्हांस म्हणावयाचे होते ते ‘यू डू नॉट हॅव टू कम’. ज्यांना बोलवावयाचे, त्यांनाच आम्ही मनाई केली होती.

आमच्यापैकी एकाने धीर करून विचारले, “सर, आमची चूक आपल्या लक्षात कशी आली नाही? आपण तर अशा चुका जन्मभर तपासल्या.”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लक्षात आली, पण संमेलन झाल्यावर. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मास्तर नव्हतो रे. बोलावणं येतं का, याची वाट पाहणारा एक म्हातारा होतो. त्याने लिहिलं तेच वाचलं.”

त्यांच्या या बोलण्याने आम्हांस जितके वाईट वाटले, तितके कोणी छड्या मारून वाटले नसते.

मग सरांनी पत्राची मागची कोरी बाजू पुढे ओढली आणि राहिलेला धडा पूर्ण केला. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ एकाच वाटेने चालतात. तरी तेथेही छटा निराळी असते. बोलणाऱ्याला आतून वाटते तेथे बहुधा ‘मस्ट’ येतो : ‘आईला पत्र लिहिलेच पाहिजे.’ नियम, वेळ, परिस्थिती अशी बाहेरची सक्ती असेल तेथे बहुधा ‘हॅव टू’ : ‘आम्हांला शाळेत गणवेश घालावा लागतो.’ हा भेद काटेकोर नाही. परंतु नकार आला की दोघांच्या वाटा फुटतात. एक मनाई करतो, दुसरा मोकळीक देतो. भूतकाळात तर सक्ती सांगावयास ‘मस्ट’ चालतच नाही. तो मुळात एका जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे आणि त्याला स्वतःचा निराळा भूतकाळ नाही. म्हणून ‘काल जावे लागले’ यास ‘हॅड टू’च घ्यावे लागते.

‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. मग त्यातून सक्ती कशी निघाली, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडे. सर म्हणाले, ‘आय हॅव अ लेटर टू राइट’ म्हणजे लिहावयाचे एक पत्र माझ्यापाशी आहे. अशा वाक्यांतून हळूहळू ‘आय हॅव टू राइट अ लेटर’ ही रचना रुळली. बोलताना इंग्रज ते ‘हॅफ टू’ असे उच्चारतो. इतके ते दोन शब्द एकजीव झाले आहेत. आपल्या मराठीत उलट काम आपल्याला येऊन लागते. भूक लागते, तहान लागते, तसेच जावे लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती सरांनी उघडून दाखविली, तेव्हा एका ‘लागणे’ या क्रियापदाखाली केवढी मोठी अर्थांची यादी आहे हे पाहून आम्ही थक्क झालो.

आमच्या शेजारी, बाजारात, बसमध्ये कानडी बोलली जाते, त्यामुळे ती आम्हांस थोडीफार कळते. सरांनी तिचाही दाखला दिला. कानडीत ‘नीरु बेकु’ म्हणजे पाणी पाहिजे, आणि ‘होगबेकु’ म्हणजे गेले पाहिजे. इच्छा आणि कर्तव्य यांना आपल्या ‘पाहिजे’प्रमाणेच एक शब्द. परंतु नकारात ‘होगबारदु’ म्हणजे जाऊ नये, आणि ‘होगबेकागिल्ल’ म्हणजे जाण्याची गरज नाही. म्हणजे कानडीत भेद आहे, मराठीत आहे, इंग्रजीतही आहे. नव्हता तो फक्त आमच्या वहीतील दोन रकान्यांत.

निघताना आम्ही पाया पडलो. सरांनी विचारले, “आज तुम्हांला इथे शाळेने पाठवलं का?”

“नाही, सर.”

“मग हे इंग्रजीत सांगा.”

आम्ही क्षणभर विचार केला आणि एका सुरात म्हणालो, “वुई डिड नॉट हॅव टू कम, सर. वुई केम.”

सर हसले. त्यांचे डोळे पाणावले होते की आम्हांस तसे वाटले, कोण जाणे. “पुढच्या संमेलनाचं पत्र कोणत्याही भाषेत लिहा,” ते म्हणाले, “पण मला यायचं आहे, एवढं ध्यानात असू द्या.”

इंग्रजीत पाहुण्याला ‘यू हॅव टू कम’ म्हटले तर ते हुकमासारखे वाटते. ‘यू मस्ट कम’ म्हटले तर तो प्रेमाचा आग्रह होतो. हेही आम्ही आता वाक्यातच शिकलो आहोत. यंदाच्या संमेलनाचे पत्र खानापुरास रवाना झाले आहे. त्यात ‘मस्ट’ एकदाच आहे, आणि त्याच्यापुढे ‘नॉट’ नाही.

— इयत्ता दहावीचे विद्यार्थी