जवळचे की लांबचे?

जुने भिंग लावून फिल्मवर छायाचित्रे काढणाऱ्या मनुष्यास हल्ली दोन प्रश्न हटकून विचारण्यात येतात. पहिला, "फिल्म अजून मिळते का हो?" आणि दुसरा, "पण हा खटाटोप कशासाठी?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. फिल्म मिळते. इंग्लंडात इल्फर्डची आणि अमेरिकेत कोडॅकची फिल्म आजही तयार होते. कोडाक्रोमचे उत्पादन मात्र २००९ साली थांबले, आणि ऊटीच्या ज्या सरकारी कारखान्यातून आपली 'इंदू' फिल्म येत असे तो कारखानाही आता राहिला नाही. दुसऱ्या प्रश्नास आम्ही आजवर निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतील एकही विचारणाराच्या गळी उतरले नाही. खरे उत्तर आम्हांस गेल्या महिन्यात एका नेत्रवैद्याच्या खोलीत सापडले.

परंतु प्रथम भिंगाविषयी. आमचे भिंग १९६० नंतरच्या दशकातले, जपानी बनावटीचे, ५० मिलिमीटरचे आहे. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी ते कॅमेऱ्यावर बसते. त्याचे कडे चांगले तेल दिलेल्या रहाटासारखे मुकाट्याने फिरते. कड्यावर फूट व मीटर असे दोन्ही आकडे कोरलेले असून तीस फुटांच्या पुढे एकदम अनंताचे चिन्ह येते. अनंत इतके हाताशी असते, ह्याची आमच्या महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांनी नोंद घ्यावी.

भिंगाचे छिद्र एफ/१.४ पर्यंत पुरते उघडून एक मीटरवर बसलेल्या मनुष्याचा चेहरा टिपावयाचा म्हटले, तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीची भरते. पापण्या स्पष्ट असतील तर कान धूसर! समोरच्याने नुसता श्वास घेतला तरी तो पट्टीबाहेर जातो. छिद्र एफ/८ पर्यंत आवळले की पट्टी जवळजवळ वीतभर होते, पण मग उजेड पुरत नाही. तेव्हा आपणांस ह्या चेहऱ्यातील नेमके काय हवे, हे प्रत्येक वेळी आधी ठरवावे लागते. छत्तीस चित्रांचा रोल संपेपर्यंत छत्तीस वेळा ठरवावे लागते. "अहो, तुमचे कडे फिरेपर्यंत चहाचे सरबत होते," असे आमच्या घरातून नेहमी ऐकू येते. ते बरेचसे खरे आहे.

हे ठरविण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले, त्यास आता पुष्कळ दिवस झाले. १९७७ साली कोनिकाने आपोआप फोकस साधणारा कॅमेरा बाजारात आणला व १९८५ साली मिनोल्टा ७००० आला. तेव्हापासून कडे फिरविण्याची गरजच उरली नाही. भ्रमणध्वनीचे भिंग तर इतके चिमुकले, की त्यात नाकाच्या शेंड्यापासून क्षितिजापर्यंत बहुधा सर्वच स्पष्ट येते. नंतर तोच फोन हिशेब करून मागचे दृश्य धूसर करून देतो! आधी सर्व स्पष्ट करावयाचे आणि मग गणिताने पुसावयाचे, ह्यात आमच्या कन्येस काही विनोद दिसत नाही.

आमच्या भिंगात थोरियम आहे. काचेची वक्रीभवनशक्ती वाढावी, पण रंग फार फाकू नयेत, म्हणून त्या काळी कित्येक कारखाने काचेत थोरियम घालीत. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणारे हेच ते मूलद्रव्य. त्याच्या मंद किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षे पिवळी पडत जाते. आमचे भिंग चांगले चहाच्या रंगाचे झाले होते. कृष्णधवल फिल्मला हा रंग एका परीने मानवतो, कारण पिवळ्या काचेतून आकाश किंचित काळवंडते व ढग उठून दिसतात. परंतु रंगीत फिल्मवर सर्व मंडळी कावीळ झाल्यासारखी येऊ लागली. ह्यावर उपाय उन्हाचा. उन्हातील अतिनील किरणांनी काच पुन्हा निवळते. म्हणून मे महिन्यात ते भिंग, मागून चंदेरी कागद लावून, कुरडयांच्या शेजारी ठेवले. "ह्याचेही वाळवण का?" असे विचारण्यात आले. तीन आठवड्यांत काच बरीच निवळली.

मनुष्याच्या डोळ्यातील भिंगास ही सोय नाही. लहानपणी ते इतके मऊ असते, की नाकाजवळ धरलेल्या बोटावरील तीळ आणि आकाशातील चांदणी दोन्ही विनासायास दिसतात. पुढे ते ताठर होत जाते, व चाळिशीच्या सुमारास नाकावर चाळिशी चढते. मग ते पिवळे पडते, गढूळ होते. उन्हात बसून उपयोग नाही. उन्हाने तर मोतीबिंदूस मदतच होते. आमच्या उजव्या डोळ्यात तो झाला आहे, आणि आम्ही फोकस साधतो तो ह्याच डोळ्याने.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची युक्ती हॅरल्ड रिडली ह्या इंग्रज शस्त्रवैद्याची. युद्धात विमानाच्या काचेच्या, म्हणजे पर्स्पेक्सच्या, कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा त्यांस विरोध करीत नाही, असे त्याने पाहिले. १९४९ साली त्याने त्याच द्रव्याचे भिंग एका रोग्याच्या डोळ्यात बसविले. परंतु साधे कृत्रिम भिंग एकाच अंतराचे असते. त्यास कडे नसते. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "सर, जवळचे ठेवू की लांबचे?" बहुतेक लोक लांबचे घेतात म्हणे. दोन्ही अंतरे साधणारी भिंगेही मिळतात; पण त्यांतून रात्रीच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. असली वलये आम्ही कागदावर खपवून घेत नाही, मग डोळ्यात कशाला!

उत्तरासाठी आठ दिवस मागून घेतले आणि तीस वर्षांच्या निगेटिव्ह काढून बसलो. हाताने कडे फिरविलेले असल्यामुळे कोणत्या वेळी आम्हांस किती अंतरावरचे हवे होते, ह्याची त्यात बिनचूक नोंद आहे. आपोआप फोकस साधणाऱ्या यंत्राने ती आमची म्हणून ठेवली नसती. सिंहगडावरून घेतलेले राजगड-तोरणा पुष्कळ निघाले. त्यांतील एकही कागदावर छापून घ्यावासा वाटला नव्हता. जी छापून भिंतीवर लावली, ती सारी हातभर ते चार हातांवरची.

त्यांतले एक आमच्या आईचे आहे. ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे. सुई लांब धरलेली, मान मागे घेतलेली. छिद्र पुरते उघडे होते, म्हणून सुईचे नेढे व दोन बोटे लख्ख आली आहेत आणि चेहरा धुक्यात आहे. चित्र घेऊन होताच ती म्हणाली, "आता तेवढा दोरा ओवून दे." ज्या नेढ्यावर आम्ही इतक्या कसोशीने फोकस साधला, ते तिला दिसतच नव्हते. आई जाऊन अकरा वर्षे झाली. हे चित्र आम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. तिची मान मागे का गेली आहे, हे ह्या खेपेस प्रथमच ध्यानात आले.

डॉक्टरीणबाईंस आम्ही 'जवळचे, साधारण हातभर' असे कळविले आहे. लांबचे पाहण्यास चष्मा लागेल, तो लावू. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे, आणि कॅमेऱ्यातील रोलमध्ये अजून चौदा चित्रे शिल्लक आहेत.