वाट पाहण्याचा ऋतू

मराठी मनाच्या पंचांगात दसरा म्हणजे पावसाचा निरोप. नद्या उतरतात, वाटा सुकतात आणि सीमोल्लंघनाची भाषा सुरू होते. तंजावरात मात्र त्याच सुमारास पावसाची वाट पाहणे सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वारे तमिळनाडूला वर्षाच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस देतात, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा भरही याच महिन्यांत असतो. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर या मुलखात स्थिरावलेल्या मराठीला आपल्या महिन्यांचे अर्थ नव्याने शिकावे लागले असणार. आश्विन-कार्तिक ही नावे तीच राहिली, त्यांच्यावरचे आकाश बदलले.

म्हणूनच यंदा उपसागर अधिक खवळेल असे भाकीत झाले की राजवाड्याच्या परिसरात त्याचे दोन अर्थ लावले जातात. बाजारात धान्य घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्यात भीती दिसते, तशीच आशाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील सांबा भाताला हाच पाऊस हवा असतो, आणि तो बहुधा समुद्रावरील कमी दाबाच्या पट्ट्यांतूनच येतो. ज्या पोटात पाऊस वाढतो, त्याच पोटात वादळही वाढते. एक मागावे आणि दुसरे टाळावे, ही मुभा निसर्गाने दिलेली नाही.

शिवाय वादळांची संख्या आणि पाण्याची समृद्धी यांचा हिशेब जुळतोच असे नाही. २०१६ च्या डिसेंबरात ‘वरदा’ चक्रीवादळाने चेन्नईत हजारो वृक्ष आडवे केले. पण त्याच हंगामात तमिळनाडूच्या ईशान्य मोसमी पावसात साठ टक्क्यांहून अधिक तूट पडली. हंगामाचे भाकीत आकडा सांगते, वाट सांगत नाही. अनेक वादळे समुद्रावरच विरून गेली तर हंगाम शांत वाटतो. एकच नेमके किनाऱ्यावर आले तर त्याचे नाव पिढ्यांच्या बोलण्यात राहते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे नागपट्टणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान जमिनीवर आलेल्या ‘गज’ने पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागातील नारळीच्या बागा भुईसपाट केल्या. नारळ फळाला यायला काही वर्षे लागतात. एका रात्रीने कित्येक कुटुंबांची ती वर्षे नेली.

नागपट्टणमचा किनारा राजवाड्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात वाऱ्याचा जोर ओसरतो, ओल मात्र ओसरत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाची चिंता ती हीच. तेथील ताडपत्रांना आणि मोडी कागदांना झंझावाताहून भय आहे ते दमट हवेचे, बुरशीचे आणि किडीचे. त्यासाठी वेखंड, लवंग, मिरे, दालचिनी आणि कापूर यांच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत येथे रूढ होती. या कामात पराक्रम नाही, उत्सव नाही. वास उडून गेला की पुरचुंडी बदलायची, एवढेच.

सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ग्रंथ जमवले, विकत घेतले आणि मिळाले नाहीत त्यांच्या नकला करून घेतल्या. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. दगडाला पावसाची भीती कमी. परंतु सगळे वाङ्मय दगडावर लिहिता येत नाही. पानावर लिहिलेले टिकते ते कुणी तरी त्याची पुन्हा नक्कल करतो, सूची करतो, पोथी सोडून पाहतो आणि पुन्हा बांधून ठेवतो म्हणून. १८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे निवर्तले, राज्य संपले. बर्नेलची संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये छापली गेली, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. सत्तेची छाया गेली तरी पोथ्यांची राखण चालू राहिली.

परंपरेविषयी बोलताना आपण बहुधा मोठ्या आघातांचा विचार करतो आणि त्यांनाच विनाशाचे श्रेय देतो. प्रत्यक्षात भाषा आणि ग्रंथ बहुतेक वेळा एखाद्या वादळाने नव्हे, तर कोणी न उघडलेल्या दप्तरांनी नष्ट होतात. वादळाची वाट पाहणे निमूटपणे करता येत नाही, एवढा तरी या ऋतूचा उपकार आहे. हंगाम जोराचा असेल की सौम्य, हे ठरायचे तेव्हा ठरेल. छपराची कौले, खिडक्यांची झडपे आणि पोथ्यांची बासने मात्र आश्विन लागण्यापूर्वीच पाहावी लागतात.