रवानगीचे नियम

सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा आणि साताऱ्याचे कंदी पेढे या तीन जिनसांची ऑनलाइन विक्री करणाऱ्या आमच्या लहानशा दुकानात, गिऱ्हाइकाने मागणी नोंदविल्यापासून माल कुरिअरवाल्याच्या हाती पडेपर्यंतची बहुतेक कामे आता यंत्र करते. ते विकत घेणे, जोडणे, चालविणे या गोष्टी त्या मानाने सुलभ. खरे कौशल्य लागते ते नियम लिहिण्यास. जुन्या दिवाणजींच्या डोक्यात जो व्यवहार वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत होता, तो एकेका वाक्यात कागदावर उतरविल्यावाचून यंत्र एक पाऊलही टाकीत नाही.

दूरच्या गिऱ्हाइकाला माल पाठविणे ही काही नवी विद्या नव्हे. टपालखात्याची ‘व्हीपी’ १८७७ पासूनची; पोस्टमनने माल द्यावा, पैसे वसूल करावेत आणि ते पाठविणाऱ्यास पोहोचवावेत ही तिची रीत आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीत जशीच्या तशी नांदते आहे. पेढीवर मागणीचे पत्र आले की आधी त्याची आवक नोंद, मग कोठीतून माल, मग जावक आणि सायंकाळी रोजकीर्द, असा जो क्रम होता, त्याच क्रमाने आज मागणी येताच शिलकेतून माल वजा होतो, बिल बनते, पत्त्याचे लेबल छापून बाहेर पडते, कुरिअरची नोंदणी होते आणि गिऱ्हाइकास संदेश जातो. पूर्वी प्रत्येक पायरीवर एक विचार करणारा माणूस उभा असे. आता त्याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

हळदपूड आणि पेढे एका खोक्यात घालू नयेत, हे दिवाणजींना कोणी शिकविले नव्हते. यंत्राला मात्र दोन्ही जिन्नस एकाच पत्त्यावर जाणारे दिसतात, आणि भाडे वाचावे म्हणून ते त्यांना एकत्र बांधू पाहते. तेव्हा एका मागणीची दोन पार्सले करण्याचा हुकूम त्यास लेखी द्यावा लागतो. खवा चांगला भाजलेला असल्याने कंदी पेढा साध्या पेढ्याहून अधिक टिकतो हे खरे, तथापि वैशाखात शनिवारी निघालेले पार्सल रविवारी कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात तापत पडावे हे मला सहन होत नाही, म्हणून उन्हाळ्यात पेढ्यांची रवानगी सोमवार ते गुरुवार. खोक्याचा आकारही नियमाचाच विषय आहे, कारण अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५००० ने भागून येणारे वजन आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे अधिक त्याचे भाडे आकारतात.

बांधलेले खोके तोलण्याच्या नियमाचे श्रेय माझे नाही. बांधणीच्या मेजावर काम करणाऱ्या मावशींनी एके दिवशी चिकटपट्टी लावलेले खोके उचलले, क्षणभर हातावर तोलले आणि म्हणाल्या, “भाऊ, ह्यो डबा हलका लागतुया.” उघडून पाहिले तो बेदाण्याचे एक पाकीट कमी. यादीवर सर्व खुणा यथास्थित होत्या, चूक केवळ त्या हाताला कळली. त्यानंतर प्रत्येक जिनसाचे आणि प्रत्येक खोक्याचे वजन आम्ही दप्तरी दाखल केले. आता काट्यावरचा आकडा आणि बेरजेचा आकडा यांत ठरावीक ग्रॅमांहून अधिक तफावत पडली की लेबल छापलेच जात नाही. माझ्या मते साऱ्या यंत्रणेतील सर्वांत मोलाचा नियम हाच.

पत्त्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली आणि ती सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, याचा मला एक मराठी माणूस म्हणून मनापासून अभिमान वाटतो. परंतु पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचे क्षेत्र सांगतात, महसुली जिल्हा नव्हे. सांगली जिल्ह्यातील मागण्या आमच्याच टेम्पोने पोहोचवाव्यात असे आम्ही ठरविले, तेव्हा सांगली शहराचा ४१६ घेऊन भागेना. तोच कोल्हापुराकडेही चालतो, आणि विटा व शिराळा हे सांगली जिल्ह्यातले असूनही त्यांचा पिन साताऱ्याप्रमाणे ४१५ ने सुरू होतो, जो पुढे रत्नागिरीतही भेटतो. विटा आणि शिराळा हे दोन्ही भाग एकेकाळी सातारा जिल्ह्याचेच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. अखेर सहाही अंकांचा गाववार तक्ता करणे प्राप्त झाले, आणि ते काम मी टपालाच्या यादीवरून स्वहस्ते केले.

पुराच्या वेळी रवानगी थांबविण्याचा निर्णय मात्र मी यंत्राच्या हवाली केलेला नाही. कृष्णा नदीची इशारा पातळी सांगलीतील आयर्विन पुलाजवळ ४० फूट, धोका पातळी ४५; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आकडा वाचून दुकान बंद करणे यंत्राला सहज जमेल. पण कोयना धरणातून विसर्ग किती सुटला, कोणता रस्ता कधी पाण्याखाली जाईल, मावशींचे घर नदीच्या बाजूस असल्याने त्यांना आजच सुटी द्यावी काय, यांचा मेळ बसवून ‘रवानगी स्थगित’ ही कळ कोणीतरी स्वतः दाबावी लागते. ती दाबली की नव्या मागण्या थांबतात, आणि आधी आलेल्या मागण्यांच्या गिऱ्हाइकांना मी एकेकास फोन करतो. त्यांपैकी बहुतेक जण मालाआधी आमच्याकडच्या पाण्याची चौकशी करतात.